एका कमांडवर नेटवर्क, एका कमांडवर अंधार

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवतेय? सव्वानऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप अचानक गप्प झालं. आपण आधी वायफाय बंद-चालू केलं, मग डेटा पॅक संपलाय का ते बघितलं आणि शेवटी मित्राला चक्क साधा फोन लावून विचारलं, 'तुझंही बंद आहे का रे?' फेसबुक आणि इन्स्टाग्रामही गेलेलं. जवळपास सहा तास!

हॅकर्सचंच काम असणार, असं अनेकांना वाटलं. पण कंपनीने नंतर दिलेलं कारण फारच साधं होतं. नेहमीच्या देखभालीच्या वेळी, डेटा सेंटर्सना जोडणाऱ्या मुख्य नेटवर्कची क्षमता तपासायला एक कमांड दिली गेली आणि तिने ते अख्खं नेटवर्कच तोडलं. अशी कमांड अडवण्यासाठी खास सॉफ्टवेअर होतं, पण नेमका त्यातच बग निघाला.

एका कमांडने एवढं सगळं कसं काय बंद पडतं? त्यासाठी गेल्या पंधरा-सतरा वर्षांत नेटवर्क सांभाळण्याची पद्धत कशी बदलली, ते बघायला हवं.

चौकातला हवालदार ते कंट्रोल रूम

पूर्वी प्रत्येक राउटर आणि स्विच म्हणजे आपापल्या चौकातला हवालदार. कोणती गाडी कुठे सोडायची, हे तोच ठरवणार. नियम बदलायचा तर इंजिनीअरने एकेका डब्यात लॉग-इन करून कमांड टाइप करायच्या. दहा डबे असतील तर ठीक, दहा हजार असतील तर?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निक मॅकिओन, मार्टिन कसाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर काम केलं होतं. मॅकिओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये 'ओपनफ्लो'चा प्रस्ताव मांडला. गंमत म्हणजे त्यामागचा हेतू कॉलेज कॅम्पसच्या नेटवर्कवर नवे प्रयोग करता यावेत, हा होता. कल्पना अशी, की डब्यातला 'मेंदू' बाहेर काढायचा. डबा फक्त गाड्या सोडेल, निर्णय एका मध्यवर्ती सॉफ्टवेअरमधून येतील. म्हणजे हवालदाराच्या जागी कंट्रोल रूम.

मग पुढची पायरी आली. मेंदू सॉफ्टवेअर आहे, तर स्विच तरी लोखंडी कशाला हवा? एका सर्व्हरमध्ये अनेक आभासी कॉम्प्युटर चालतातच, तसे त्यांना जोडणारे स्विच, राउटर आणि फायरवॉलही आभासी झाले. एका मोठ्या हॉलमध्ये पडदे लावून तीन वर्ग भरवतात ना, तसंच. जुन्या व्हीलॅन पद्धतीत असे जेमतेम ४०९४ 'वर्ग' भरवता यायचे. व्हीएक्सलॅन या नव्या पद्धतीत तो आकडा १ कोटी ६० लाखांच्या पुढे गेला. क्लाउडवर हजारो कंपन्या एकाच यंत्रणेत एकमेकींना न दिसता नांदतात, त्यामागे हेच तंत्र आहे.

फायदा उघड आहे. नवं नेटवर्क उभं करायला पूर्वी आठवडे लागायचे, आता काही मिनिटं पुरतात. गुगलने आपल्या डेटा सेंटर्सना जोडणाऱ्या 'बी-फोर' नेटवर्कची माहिती २०१३ मध्ये जाहीर केली. एरवी अशा महागड्या लाइन्स सरासरी ३०-४० टक्केच वापरल्या जातात. गुगलने मध्यवर्ती नियंत्रणाच्या जोरावर अनेक लाइन्स जवळपास १०० टक्के वापरून दाखवल्या.

किल्ली आत, दार बंद

पण नाण्याची दुसरी बाजूही बघा. पूर्वी एका हवालदाराची चूक सहसा एका चौकापुरती राहायची. कंट्रोल रूमची चूक शहरभर पोहोचते, आणि तीही त्याच वेगाने.

फेसबुकच्या इंजिनीअर्सना दुरुस्तीसाठी त्याच नेटवर्कमधून आत शिरायचं होतं. ते बंद, त्यामुळे त्यांची अंतर्गत साधनंही बंद. शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. किल्ली घरात राहावी आणि लॅच लागावं, तशी गत! ८ जुलै २०२२ ला कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचंही असंच झालं. अपग्रेडच्या वेळी एक फिल्टर काढला गेला आणि १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांची सेवा कोलमडली. डेबिट कार्ड चालेनात, आपत्कालीन ९११ नंबरही अनेकांना लागेना. दुरुस्तीचा रस्ता त्याच बंद नेटवर्कवरून जात होता.

नियंत्रण एका हातात गेलं की तो हात कोणाचा, हाही प्रश्न येतो. कसाडो यांची 'निसिरा' ही स्टार्टअप व्हीएमवेअरने २०१२ मध्ये सुमारे १२६ कोटी डॉलर्सना घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअरच ब्रॉडकॉमकडे गेली. त्यानंतर एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स घ्यायची सोय बंद झाली, सबस्क्रिप्शन आलं. अख्खं नेटवर्क ज्या सॉफ्टवेअरवर उभं आहे, ते रातोरात कसं बदलणार?

मग आपण काय शिकायचं?

'आता सगळं ऑटोमॅटिक आहे, नेटवर्किंग शिकून काय करू?' हा प्रश्न कॉलेजात हमखास ऐकू येतो. उत्तर उलटं आहे. कमांड टाइप करणारे हात कमी लागतील, पण ती कमांड कुठवर पोहोचेल हे ओळखणारं डोकं जास्त लागेल. म्हणून पायथॉन शिकाच, पण राउटिंग आणि डीएनएसचा पाया सोडून नको.

त्यासाठी महागडी लॅबही नको. 'मिनिनेट' हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका, एका कमांडमध्ये आभासी नेटवर्क तयार होतं. ते चालू झालं की स्क्रीनशॉट स्टेटसला टाकून थांबू नका. मुद्दाम मोडून बघा. किती भाग बंद पडला, मागे कसं यायचं, आणि आत शिरायला दुसरा दरवाजा ठेवलाय का, ते तपासा.

नेटवर्क चालू करणं सोपं झालंय. पगार मिळणार आहे तो बंद पडल्यावर काय करायचं, हे माहीत असणाऱ्याला.