गणिताच्या मास्तरांचा बटवा

आजीबाईंच्या बटव्यात काय नसे? सुंठ, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग! घरात कुणाचे पोट दुखो की कान ठणको, बटव्याची दोरी सुटायचीच. तो बटवा आता बोलण्यापुरताच उरला आहे, असे आपण धरून चाललो होतो. पण अमेरिकेतल्या एका गणिताच्या मास्तरांनी तो नव्याने शिवायला घेतला, आणि त्यातल्या जिनसा पाहून आजीबाईंनी पदरच तोंडाला लावला असता.

या गृहस्थांचे नाव मायकेल लॉफर. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो कॉलेजात ते गणित शिकवीत. २००८ साली ते एल साल्वादोर देशात गेले असताना एका खेड्यातल्या दवाखान्यात संततिनियमनाच्या गोळ्या संपून महिने लोटले होते. त्याच देशात नशेच्या गोळ्या मात्र चोरून बनत होत्या. मग औषधाचीच गोळी का बनू नये? मास्तरांच्या डोक्यात हा किडा शिरला तो कायमचा. पुढे मित्र जमवून त्यांनी मंडळ काढले, त्याचे नाव ‘चार चोरांचा व्हिनेगर’. प्लेगात मेलेल्यांची घरे लुटणारे चार चोर वनस्पती घातलेल्या व्हिनेगरमुळे वाचले आणि शिक्षा टळावी म्हणून त्यांनी ती कृती सांगून टाकली, अशी युरोपातली जुनी दंतकथा आहे.

काहींना शेंगदाणा खाल्ला किंवा मधमाशी डसली की घसा सुजून श्वास कोंडतो. तेव्हा मांडीत ताबडतोब अ‍ॅड्रिनॅलिन टोचावे लागते. अमेरिकेत त्यासाठी ‘एपिपेन’ नावाची आपोआप टोचणारी नळी मिळते. २००७ च्या सुमारास तिची जोडी शंभरेक डॉलरला पडे. २०१६ साली सहाशेच्या वर गेली. औषध तेच! त्या वर्षी लॉफर यांनी तीसेक डॉलरांत तशी नळी घरी कशी जुळवावी, हे जगाला दाखवून दिले. त्याआधी २०१५ साली ‘डाराप्रिम’ या १९५३ पासूनच्या गोळीचा भाव एका रात्रीत साडेतेरा डॉलरांवरून ७५० वर नेण्यात आला होता. मास्तर त्याही गोळीच्या मागे लागले. भाव पन्नासपट चढवणारा तो शेठजी आणि घरी गोळी वळणारा तो चोर, हा न्याय मला तरी पटत नाही.

पण वाचकहो, फराळाचे उदाहरण घ्या. पाक बिघडला की लाडू बसत नाही आणि ते साऱ्या घराला दिसते. रसायन बिघडले तर? पांढरी भुकटी पांढरीच राहते. लॉफर यांची प्रयोगशाळा म्हणजे काचेची बरणी, काही नळ्या आणि ढवळण्या-तापवण्यावर नजर ठेवणारा चिमुकला संगणक. बरणीतून निघाले ते औषधच, हे घरच्या गृहिणीने कशावरून ओळखायचे?

आपल्या मुंबईतच याचा दाखला आहे. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतः केलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. तेही डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते! त्या धाडसाला माझा नमस्कार. पण १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी त्यांच्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. बाटलीवर क्रमांक होता, नोंदी होत्या, म्हणून कशाची चौकशी करायची हे तरी कळले. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ साल उजाडले. घरच्या बरणीवर कसला आला आहे क्रमांक?

स्वस्त औषधाचा दुसराही रस्ता आहे, आणि तोही मुंबईतून गेला. १९७० च्या कायद्याने आपण औषधाऐवजी फक्त ते करण्याच्या पद्धतीला पेटंट देऊ लागलो. त्या आधारावर वाढलेल्या सिप्ला कंपनीने २००१ साली एड्सवरची औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. पाश्चात्त्य देशांत तोच खर्च दहा हजारांच्या वर होता. ते काम कारखान्यात झाले, तपासनिसाच्या डोळ्यांदेखत.

लॉफर यांना आपल्या देशात ही वाट बंद दिसते. २०२४ साली लास व्हेगासच्या एका संमेलनात ते ‘क’ काविळीवरच्या गोळीची कृती सांगत होते. २०१३ साली ती गोळी बाजारात आली, तेव्हा बारा आठवड्यांचे बिल होते ८४,००० डॉलर.