पुडी बदला, हात तोच राहू द्या

आपल्याकडे हल्ली एक नवी खोड बळावत चालली आहे. एखादी वस्तू जरा उणी पडली की नेमके काय उणे आहे ते बघायचे नाही. सगळेच उपटून फेकायचे आणि जास्तीत जास्त मोठे आणून बसवायचे. देवळाच्या सभामंडपापासून लग्नाच्या जेवणावळीपर्यंत हे दिसते. आज मात्र मी मोटारीतल्या सबवूफरबद्दल लिहिणार आहे. संगीत-नाटकावर लिहिणाऱ्या कारकुनाने गाडीच्या डिकीत डोके का खुपसावे, असे काही वाचक विचारतील. त्यांना माझा उलट प्रश्न आहे : वाचकहो, मागच्या महिन्यात तुम्ही अख्खा ख्याल बसून कुठे ऐकलात? घरात दूरचित्रवाणी, कार्यालयात फायली. आपल्यापैकी बहुतेकांना सलग तासभर गाणे मिळते ते गाडीतच. मग गाडीतला आवाज हा सांस्कृतिक प्रश्न नाही तर काय?

माझा मावसभाऊ जुन्या हुबळीत राहतो, सिद्धारूढ मठापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याच्या गाडीला कंपनीचाच आठ इंची सबवूफर आणि कंपनीचाच अ‍ॅम्प्लिफायर आहे. सबवूफरचा कागदी पडदा फाटून खरखरू लागला म्हणून आम्ही दोघे एका दुकानात गेलो. दुकानदाराने पडद्याकडे बघितलेदेखील नाही. "साहेब, हा अ‍ॅम्प काढल्याशिवाय काही अर्थ नाही. बारा इंची वूफर टाकू, हजार वॅटचा अ‍ॅम्प टाकू, बॅटरीपासून नवी वायर ओढू." आकडा सांगितला तो माझ्या महिन्याच्या पगाराला खेटणारा. फाटला होता पडदा आणि उपाय सुचवला होता अख्खी गाडी उसवण्याचा!

हा एका दुकानदाराचा दोष असता तर लेख लिहिला नसता. पणजी, मडगाव, म्हापसा, बेळगाव, कुठेही जा, हीच पोपटपंची ऐकू येते. माझे म्हणणे अगदी साधे आहे. कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर धडधाकट असेल तर तो ठेवावा, सबवूफर तेवढा बदलावा, आणि तो मापाने, समजून बदलावा. ही कंजुषी नव्हे, हेच शहाणपण आहे.

आपल्या घुमटाचेच उदाहरण घ्या. मातीचे भांडे, एका तोंडावर चामडे, दुसरे तोंड उघडे, आणि ते तळहाताने झाकत-उघडत काढलेला घुमारा. पूर्वी घुमटावर घोरपडीचे चामडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, आणि वादक बकऱ्याच्या चामड्याकडे वळले. भांडे तेच, वाजवणारा हात तोच, फक्त चामडे बदलले. घुमट मेला का? उलट २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. डग्ग्याचेही तसेच. पुडी सैल झाली, शाई उडाली, तर कारागीर नवी पुडी चढवतो; वाजवणाऱ्याला हात बदलून आण असे कोणी सांगत नाही. गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर हा हात आहे, सबवूफरचा पडदा ही पुडी, आणि त्यामागची पेटी हे भांडे. पुडी भांड्याच्या मापाची हवी आणि हाताला पेलणारी हवी. एवढे कळले की निम्मे काम झाले.

आता थोडा हिशेब. वॅटचे आकडे सांगून गिऱ्हाइकाला गार करणे हा या बाजाराचा हातखंडा आहे. पण वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. ५० वॅटचे १०० वॅट केले तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे शक्ती दहापट. याउलट, एका वॅटला ८६ डेसिबल देणाऱ्या सबवूफरच्या जागी ८९ डेसिबल देणारा बसवला, तर अ‍ॅम्प्लिफायरला हात न लावता त्याची शक्ती दुप्पट केल्यासारखेच झाले. हा आकडा, म्हणजे सेन्सिटिव्हिटी, खोक्यावर बारीक अक्षरात असतो. दुकानदार बोट ठेवतो ते मोठ्या अक्षरातल्या 'पीक पॉवर'वर, जी क्षणभरच टिकते. विचारायचे असते ते सतत पेलणाऱ्या शक्तीचे, आरएमएसचे.

दुसरी गोष्ट ओहमची. अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्ट देत असेल तर ४ ओहमच्या सबवूफरला ३६ वॅट मिळतात, २ ओहमला ७२, आणि १ ओहमला १४४. म्हणजे ओहम कमी करत गेले की आवाज फुकटात वाढतो असे वाटते, पण तेवढा प्रवाह द्यायची ताकद अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नसेल तर तो तापतो आणि बंद पडतो किंवा जळतो. उलट, मूळ सबवूफर २ ओहमचा असताना ४ ओहमचा बसवला तर शक्ती निम्मी होते आणि नवा महाग सबवूफर जुन्यापेक्षा मरतुकडा वाजतो. मग दुकानदार म्हणतो, "बघा, मी सांगितले नव्हते? अ‍ॅम्पच खराब!" म्हणून आधी मूळ सबवूफर मल्टिमीटरने मोजावा. ४ ओहमचा असेल तर मीटर साडेतीनच्या आसपास दाखवतो. नवा त्याच मापाचा घ्यावा. दुहेरी कॉइलचा, ४ आणि ४ ओहमचा असेल तर समांतर जोडणीत २ ओहम होतात, ओळीने जोडल्यास ८, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट पेटीची. बाजारातले बरेच राक्षसी सबवूफर जड पडद्याचे असतात. त्यांना मोठी पेटी लागते आणि शक्तीही भरपूर. कंपनीच्या लहानशा पेटीत ते कोंबले तर लांबच्या खोलीत कोणी दार आपटावे तसा आवाज येतो. पेटीची खोली मोजून, तेवढ्या हवेत वाजू शकेल असा हलक्या पडद्याचा सबवूफर निवडणे, हे खरे काम. धन-ऋण तारा उलट जोडल्या तरी खर्ज हरवतो. तेव्हा तेही तपासावे.

आता यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर मूळ सबवूफरला सांभाळून घेण्यासाठी आवाज वाढला की खालचे सूर मुद्दाम दाबतो. बऱ्याच गाड्यांत तशी योजना असते. मग नवा सबवूफर काय दिवे लावणार? मान्य. छाती हादरवणारा दणका हवा असेल तर हा मार्ग तुमचा नव्हे. पण तोच अ‍ॅम्प्लिफायर त्या गाडीच्या काचा, आसने आणि पत्रा यांचा विचार करून जुळवलेला असतो. नव्या गाड्यांत तो गाडीच्या इतर यंत्रणांशीही जोडलेला असतो. काही गाड्यांत पार्किंगचा इशारा आणि फोनवरचे बोलणे त्यातूनच येते. त्याच्या तारा कापून जोडकाम केले की वॉरंटीचा वाद ओढवतो, आणि फ्यूज न लावता बॅटरीवरून ओढलेली वायर आग लावू शकते.

आणि मुळात आपल्याला ऐकायचे काय आहे? ज्या हुबळीत हा दणका विकला जातो तिच्या आसमंतात काय पिकले ते आठवा. सवाई गंधर्व जवळच्या कुंदगोळचे. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन त्यांच्यापाशी शिकल्या आणि २००९ मध्ये हुबळीतच गेल्या. गदगचे भीमसेन जोशी तर मोटारींचे शौकीन, लांबलांबच्या मैफलींना स्वतः गाडी हाकत जाणारे. किराणा घराण्यात तंबोरा लावणे म्हणजे निम्मे गाणे. पुरुषाच्या काळी एक पट्टीत षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, तर खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर. दाराच्या स्पीकरकडून ती जेमतेम येते; सबवूफर येथे लागतो. खर्जाची तार ऐकू यावी, डग्ग्याची मींड कळावी, एवढ्यासाठी. त्यासाठी हजार वॅट लागत नाहीत, स्वच्छ ५० वॅट पुरतात.

दणक्याला कायदाही नीट पकडत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ही मोजणी 'ए' वजनाची; तीत ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे खालचा धडधडाट भिंती ओलांडून शेजारच्या आजारी माणसाच्या खाटेखाली पोचतो, आणि मीटर मात्र त्याचा मोठा भाग सोडून देतो. जेथे मीटर आंधळा, तेथे माणसाने तरी डोळस राहायला हवे.

मावसभावाने शेवटी मापाचा आठ इंची सबवूफर बसवला, अ‍ॅम्प्लिफायर तोच ठेवला. खर्च दुकानदाराच्या आकड्याच्या आत पाचव्या हिश्श्यात बसला. त्याच्या गाडीच्या काचा थरथरत नाहीत, रस्त्यावरचे कोणी वळून बघत नाही. तंबोरा तेवढा आता पुरा ऐकू येतो. ज्यांना लोकांनी वळून बघायला हवे आहे त्यांनी खुशाल हजार वॅट घ्यावेत. पण त्याला संगीताची आवड म्हणू नये.