खंजिरी शेकणारा माणूस

नागपूरहून वर्ध्याकडे येणाऱ्या रस्त्यावर, टेकडीवरच्या सिद्धिविनायकाच्या आश्रयाने वसलेले आमचे केळझर म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी आणि भीमाने बकासुराचा वध केला तो याच शिवारात, अशी येथील लोकांची पिढ्यानपिढ्यांची धारणा आहे; आणि ती सांगताना त्यांच्या स्वरात जो निःशंकपणा असतो, तो एखाद्या इतिहाससंशोधकालाही आपले दप्तर क्षणभर मिटून ठेवायला लावील असा असतो. जी घटना हयात असलेल्या कोणीही पाहिली नाही तिच्याविषयी अवघ्या गावाचे असे एकमत होत असेल, तर जी घटना चौघांनी शेजारी शेजारी उभे राहून पाहिली तिच्याविषयी त्या चौघांच्या जबान्या तरी परस्परांशी जुळाव्यात, अशी माझी भाबडी अपेक्षा होती. माझा पुतण्या आणि त्याचे तीन मित्र यांनी ती पार निकालात काढली.

हे चौघे एकाच अभियांत्रिकी महाविद्यालयातले, पुढे पोटामागे मुंबईकडे गेलेले, आणि माघातल्या गणेश जयंतीच्या निमित्ताने दरसाल आमच्या ओट्यावर जमणारे. दर्शन झाले, जेवण आटोपले आणि पान जमले, की कोणीतरी हटकून १५ डिसेंबर २०१९ची रात्र काढतो, आणि मग नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये त्या रात्री झालेल्या ‘यू-टू’ या आयरिश रॉक बँडच्या मैफलीचा पंचनामा सुरू होतो, तो चहाची दुसरी फेरी संपेपर्यंत चालतो.

ज्या वाचकांस या मंडळींची ओळख नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे क्रमप्राप्त आहे. १९७६ साली डब्लिनमध्ये लॅरी म्युलन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने आपल्या शाळेच्या सूचनाफलकावर एक चिठ्ठी लावली, की मला वाद्यवृंद काढायचा आहे, कोणी येता का. त्या चिठ्ठीला जी पोरे आली त्यांतून बोनो, एज, ॲडम क्लेटन आणि स्वतः म्युलन हे चौघे टिकले आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ तेच चौघे एकत्र राहिले. (आमच्याकडचे भजनी मंडळ पेटीच्या मालकीवरून चार वर्षांत दोनदा फुटते, हे ध्यानात घेता ही गोष्ट त्यांच्या संगीतापेक्षाही मला अधिक विस्मयकारक वाटते.) १९८७ मध्ये त्यांची ‘द जोशुआ ट्री’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. अमेरिकेतल्या वाळवंटात वाढणाऱ्या एका काटेरी झाडाचे नाव तिला दिलेले आहे. त्या मुद्रिकेला तीस वर्षे झाली तेव्हा, म्हणजे २०१७ साली, तीतली सगळी गाणी त्याच क्रमाने गात त्यांनी दौरा काढला. दोन वर्षांनी तोच दौरा न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून पुन्हा सुरू होऊन ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, जपान, कोरिया आणि फिलिपाइन्स असा फिरत नेरूळला येऊन संपला. भारतातली त्यांची ती पहिलीच मैफल. माझ्या पुतण्याचा जन्म ती मुद्रिका निघाल्यानंतरचा. तरीही तो त्या गाण्यांविषयी अशा थाटात बोलतो, की जणू ती त्याच्याच बारशाला गायिली गेली असावीत.

तर त्याचा सर्वांत आवडता क्षण कोणता? गाणे नव्हे. अवघे मैदान मुख्य रंगमंचावरच्या प्रचंड पडद्याकडे डोळे लावून बसलेले असताना, तोच म्युलन, आता अठ्ठावन्न वर्षांचा, एकटा, कसलाही गाजावाजा न करता, प्रेक्षकांत शिरलेल्या लहान मंचाकडे चालत गेला, एखादा कारकून सकाळी आपल्या मेजाकडे जातो तसा; बैठकीवर बसला, आणि लष्करी कवायतीसारखा ढोलाचा एक कोरडा ठेका त्याने सुरू केला. बाकीचे तिघे मागाहून आले. ते गाणे डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्च्यावर गोळ्या झाडून तेरा माणसे मारली, त्या रविवारचे. तो दिवस होता ३० जानेवारी १९७२. वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ३० जानेवारी ही तारीख वेगळ्या कारणासाठी पाठ असते, म्हणून मी हे पुतण्याला सांगितले. पण त्याला त्या रक्ताचे आणि राजकारणाचे तेवढे सोयरसुतक नव्हते. तो माणूस चालत होता तेव्हा आपण त्याला इतरांच्या आधी पाहिले, या गोष्टीचाच त्याला अभिमान होता.

दुसरा मित्र हिंगणघाटचा. तो म्हणतो, खरा क्षण आला तो ए. आर. रहमान आपल्या दोन्ही मुलींना घेऊन मंचावर आले आणि ‘अहिंसा’ हे गाणे झाले तेव्हा. आयरिश लोकांनी नवी मुंबईत येऊन आमच्या सेवाग्रामचा शब्द गावा, म्हणून आपले डोळे भरून आले. यावर उरलेले तिघे एकमुखाने हरकत घेतात, की त्या वेळी हा इसम वडापावच्या रांगेत होता आणि गाणे त्याने पाठमोरे उभे राहून ऐकले. तिसऱ्याला त्या दोनशे फूट रुंद पडद्यावर अँटन कॉर्बिन या छायाचित्रकाराने टिपलेली वाळवंटातली निर्मनुष्य सडक तेवढी आठवते, आणि ती पाहताना आपल्याला मे महिन्यातला सेलूचा रस्ता आठवला असे तो शपथेवर सांगतो. चौथा मात्र मैफलीविषयी काही बोलतच नाही. त्याची आठवण मैफल संपल्यावर नेरूळहून सुटलेल्या लोकलच्या डब्याची आहे, जिथे मध्यरात्री एकमेकांना न ओळखणारी माणसे दांड्यांना लोंबकळत तीच गाणी गात होती आणि झोपमोड झालेला एक भाजीवाला पहिल्यांदा शिव्या देऊन मग टोपलीवर ताल धरू लागला. चारांपैकी निवड करायची झालीच, तर माझे मत या शेवटच्याला.

या चौघांच्या दूरध्वनीयंत्रांत त्या रात्रीचे चलच्चित्रण तासाच्या हिशेबात साठवलेले आहे. परंतु वाद कितीही हातघाईवर आला तरी ते कोणी पुराव्यादाखल उघडत नाही, याचे मला प्रथम नवल वाटे. एकदा मी आग्रहाने ते पाहिले. बोनोचा आवाज त्यात जवळजवळ नव्हताच. होता तो माझ्या पुतण्याचा, आणि तोही बेसूर. यंत्रातला दस्तऐवज अस्सल असूनही बाद ठरतो आणि तोंडी जबानीच ग्राह्य धरली जाते, असे हे एकमेव न्यायालय मी पाहिले आहे. शिवाय त्या मैफलीनंतर तीन महिन्यांच्या आत साथीच्या भयाने सगळी मैदाने ओस पडली, पुढची दोन वर्षे कोणी कोणाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले नाही; त्या मुक्त गर्दीची आठवण या पोरांच्या मनात कितीतरी अधिक मोलाची होऊन बसली, आणि दर वर्षी तिच्या तपशिलात थोडाथोडा फेरफार होत गेला, यात त्यांचा दोष नाही.

गेल्या माघात हा पंचनामा ऐकत आमचे शेजारी आबाजी बसले होते. वय ऐंशीच्या पुढचे. ‘यू-टू’ हे एखाद्या नव्या बियाण्याचे वाण असावे अशी त्यांची पहिली समजूत होती. पण चौघे आपापला क्षण पुढे करू लागले तसे ते सरसावून बसले, कारण त्यांच्याकडेही एक मैफल होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या अखेरच्या काही वर्षांत, आबाजींच्या लग्नाच्याच हिवाळ्यात, जवळच्या एका गावी महाराजांचे खंजिरी भजन होते, आणि केळझरहून बंड्या जुंपून माणसे गेली होती.

तुकडोजी महाराज म्हणजे १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेले, मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारणारे, १९३६ साली सेवाग्रामी गांधीजींच्या सहवासात राहिलेले, बेचाळीसच्या आंदोलनात कारावास भोगलेले आणि १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत गेलेले, हे विदर्भात शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. मात्र आयुष्यभर त्यांचा दौरा चालू होता तो बहुतांशी बैलगाडीच्या आणि मोटारीच्या धुळीच्या रस्त्यांवर, आणि सामग्री काय, तर हातात मावेल एवढी एक खंजिरी. गावोगाव मराठी आणि हिंदी भजने म्हणत, मधेच थांबून ग्रामसफाई, व्यसन, अंधश्रद्धा यांवर बोलत, हजारो माणसे त्यांनी रात्र रात्र बसवून ठेवली. आजही त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात मोझरीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो, आणि त्यात आबाजींची हजेरी वर्षानुवर्षे चुकलेली नाही.

पुतण्याने साहजिकच विचारले, की आबाजी, कोणते भजन तुम्हांला सर्वांत आवडले होते? आबाजींनी बराच वेळ आठवून पाहिले.

“भजन कोनतं होतं, ते नाई सांगता येत मले,” ते म्हणाले. “पन तो खंजिरी शेकनारा मानूस अजून डोयापुढं हाय.”

मग त्यांनी जे सांगितले ते असे, की रात्री दव पडू लागले तसे खंजिरीचे कातडे ओलाव्याने सैल पडून तिचा बोल बसू लागला. तेव्हा मंडपाच्या कडेला महाराजांच्या सोबतचा एक माणूस पऱ्हाटीचा लहानसा जाळ करून दुसरी खंजिरी त्यावर धरून होता, ती गोल गोल फिरवीत, मधेच कानाशी नेऊन टिचकी मारून बोल तपाशीत, पुन्हा जाळावर नेत. आणि कातडे ताणून टणक वाजू लागले की हळूच पुढे सरकवून पहिली मागे घेत असे. भजन ऐकायला जमलेला समुदाय महाराजांकडे पाहत होता. आबाजी मात्र रात्रभर त्या माणसाकडे पाहत राहिले. त्याचे नाव त्यांना ठाऊक नाही, कोणत्याही ग्रंथात ते असण्याचा संभव नाही, आणि सहा दशके उलटूनही त्या टिचकीचा आवाज ते आपल्या बोटाने ओट्याच्या फरशीवर हुबेहूब काढून दाखवतात.

पुतण्या एकदम म्हणाला, “काका, हाच तो ढोलवाला!” मला ते पटले. कलावंत जो क्षण रचून, सजवून, दिवे टाकून श्रोत्याच्या पुढ्यात ठेवतो तो श्रोता घेतो, टाळी देतो आणि बहुधा विसरतो. स्वतःचा म्हणून जन्मभर जपतो तो मात्र कोणी त्याला न दाखवलेला, त्याने आपल्याच नजरेने कडेला जाऊन हुडकलेला असतो. म्हणूनच त्याची वाच्यता करताना माणूस एवढा हट्टी होतो. गाण्यावर त्याचा हक्क नाही. पण त्या क्षणाच्या मालकीसाठी तो शेजाऱ्याशी दिवाणी लढवायला तयार असतो.

ही तात्त्विक भूमिका मी चौघांपुढे सविस्तर मांडीत असताना आबाजींच्या पत्नी, ज्या इतका वेळ दाराशी बसून तुरीच्या शेंगा सोलीत होत्या, त्यांनी सूप बाजूला ठेवले.

“पऱ्हाटीचा जाळ कोठचा जी?” त्या म्हणाल्या. “कंदील होता कंदील! त्याच्या काचेवर धरे तो मानूस खंजिरी. मी बायांमंदी पार समोर बसली होती. अन् हे काय पायतीन, गुरुजी? हे तं मांगं बंडीत झोपले होते.”

आबाजींनी या विधानाला सक्त हरकत घेतली आहे, आणि प्रकरण अद्याप प्रलंबित आहे.