फक्त चार दात!

तुमच्या ऑफिसमध्येही तो एक जण असणारच. लंच ब्रेकमध्ये डबा बाजूला ठेवून मोबाइलवर जाडजूड टायरांचे फोटो बघत बसणारा. 'बॉस, फक्त टायर बदलायचे, मग बघ गाडी कसली दिसते!' असं दर सोमवारी म्हणणारा. आमच्याकडे हा प्राणी घरातच आहे. माझा दादा.

गाडी मात्र बाबांची. जुनी, सेकंडहँड घेतलेली महिंद्रा जीप. माणगावजवळच्या आमच्या गावी घरापर्यंत जाणारा जो काही रस्ता आहे, तो पावसाळ्यात रस्ता कमी आणि ओढा जास्त असतो, म्हणून घेतलेली. तिचे टायर ६.००-१६, म्हणजे उंची साधारण २९ इंच आणि अंगाने एकदम सडपातळ. दादाला त्यांची चक्क लाज वाटायची. २०२४च्या गणपतीआधी त्याने ३१ इंची, साडेदहा इंच रुंद मड टायर आणले, सोबत नवे रिम. निम्मे पैसे माझे. फ्रीलान्सरचे पैसे आहेत हो, ते किती महिने मागे लागून मिळवलेले असतात ते विचारू नका! पण खोटं कशाला बोलू? गाडी सोसायटीच्या गेटमध्ये उभी राहिली तेव्हा चार फोटो मीही काढले. दिसतच होती तशी सॉलिड.

बाबांनी एक फेरी मारली, टायरवर बोटं टेकवली आणि एवढंच विचारलं, 'आणि गिअर?'

दादा म्हणाला, 'गिअर आहेत की, बाबा!'

गावाला जाताना काही झालं नाही. ताम्हिणी उतरायचाच होता. खरी गंमत परतीला झाली. मागे आई-बाबा, पायाशी तांदळाचं पोतं, नारळ, वरून पाऊस. ज्या चढाला ही जीप एवढंच सामान घेऊन सेकंडमध्ये गुणगुणत जायची, तिथे ती धापा टाकायला लागली. दादाने फर्स्ट टाकला. एका वळणावर समोरून एसटी आली म्हणून थांबलो आणि तिथेच वाट लागली. क्लच सोडला की इंजिन बंद. जास्त रेस दिली की क्लच जळल्याचा वास. तिसऱ्या वेळी गाडी चक्क मागे सरकली. हँडब्रेक ओढलेला होता, तरी! आईने माझा हात असा धरला की बांगडीचा वळ दोन दिवस होता. मी उडी मारली, कडेचा एक गोटा उचलून मागच्या चाकाखाली सारला आणि पावसात तशीच उभी राहिले. मागे दरी किती फूट आहे हे बघायची हिंमत झाली नाही.

बाबा मागून शांतपणे म्हणाले, 'छोटा दांडा ओढ.'

छोटा दांडा म्हणजे लो रेंज. तो ओढल्यावर गाडी बैलगाडीच्या स्पीडने का होईना, वर आली. त्यानंतर पुण्यापर्यंत दादा एक शब्द बोलला नाही.

मग मी, जिला मास कॉममध्ये गणित नाही याचाच आनंद झाला होता, ती कागद-पेन घेऊन बसले.

जीपच्या दोन्ही अॅक्सलच्या मध्ये लोखंडी गोळ्यात दोन गिअर असतात, लहान पिनियन आणि मोठा क्राऊन. आमच्या पिनियनला ८ दात, क्राऊनला ३९. भागाकार केला की ४.८८. म्हणजे खालचा प्रॉपेलर शाफ्ट ४.८८ वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. आता चाकच २९ वरून ३१ इंचांचं केलं, तर एका फेऱ्यात गाडी सात टक्के जास्त पुढे जाते. फुकटात? अजिबात नाही. इंजिन तेच, पण आता त्याला ४.८८ ऐवजी ४.५७चाच गिअर मिळाल्यासारखं होतं. गिअरच्या सायकलवर चढाला मागची लहान चकती लावून बघा, मांड्या लगेच सांगतील. त्यात नवी चाकं जड. आणि ब्रेकचे ड्रम जुनेच, म्हणजे मोठं चाक थांबवायला पायाला जास्त जोर. स्पीडोमीटरही खोटं बोलायला लागतो. काटा ६० दाखवत होता तेव्हा आम्ही ६४ने जात होतो!

जुना तोल परत आणायला ५.२२चा गिअर हवा होता. तसा मिळत नाही. मिळतो तो ५.३८, म्हणजे ४३ दातांचा क्राऊन आणि तोच ८ दातांचा पिनियन. फरक फक्त चार दातांचा. हे दोन्ही आकडे जीपच्या घराण्यातले आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजच्या जीपला ४.८८ होता. १९४५ साली कंपनीने शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढली, तिला ५.३८ दिला. नांगर ओढायला स्पीड कशाला हवा? हे सगळं मी बाबांना मोठ्या ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, 'मग मी काय विचारलं होतं?'

मग नाना पेठ. दोन शनिवार आम्ही स्पेअर पार्टच्या दुकानांत दात मोजत फिरलो. लोक मॉलमध्ये जातात, मी ग्रीसमध्ये हात घालून 'एक्केचाळीस, बेचाळीस' करत होते. एका ठिकाणी दात बरोबर निघाले, तर पिनियनचा शाफ्टच वेगळ्या जाडीचा. शेवटी एका पिकल्या दाढीच्या मेकॅनिकने, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, दोन सेट मिळवून दिले. दादाला पैसे वाचवायचे होते. 'आत्ता फक्त मागचा बदलूया का?' चाचांनी पान्हा खाली ठेवला. 'भाऊ, फोर व्हील टाकल्यावर पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरंच. काहीतरी तुटणार. दोन्ही सेम, नाहीतर राहू द्या.'

बसवणं हे तर टायर बदलण्यापेक्षा कितीतरी नाजूक काम. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यायचे, एकाचा नवरा दुसरीला चालत नाही. चाचा दातांना रंग लावायचे, चाक फिरवायचे, दात कुठे घासले ते बघायचे, केसाएवढ्या जाडीचे शिम घालायचे आणि पुन्हा सगळं खोलायचे. डाग दाताच्या मधोमध येईपर्यंत हेच. काठावर आला की गाडी आयुष्यभर रडत चालते. मजुरी ऐकून दादाचा चेहरा पडला. मला तरी ती महाग वाटली नाही. ऑफिसात असं काम करणाऱ्याला आपण सीनियर कन्सल्टंट म्हणतो.

आता काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ५८ने असते. चालेल.

न चालणारी गोष्ट वेगळीच निघाली. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये न बसणारे बदल करता येत नाहीत असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्येच सांगितलंय. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीत अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजारांच्या दंडाची तरतूद आली, शिवाय तुरुंगवासाचीही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न काय विचारेल ते वेगळं सांगायला नको. आतले दात कुणाला दिसत नाहीत, ३१ इंची टायर मात्र सिग्नलवरच्या हवालदारालाही दिसतात. हे आम्ही टायर घेण्याआधी वाचायला हवं होतं, हे मान्य. बाबा आयुष्यभर सरकारी नोकरीत होते, त्यांना हे पटेना. आता जीप गावीच असते. मोठे टायर फक्त आमच्या आवारात आणि मागच्या टेकडीवर. दादाला हा मोठाच अपमान वाटतो. वाद अजून चालू आहे, गणपतीत पुढचा अंक.

दिवाळीत बाबांनी स्वतः गाडी टेकडीवर घेतली. निसरडा मुरूम, मध्ये पाण्याने कापलेली घळ. मुद्दाम अर्ध्यात थांबवली, क्लच सोडला, आणि जीप काही न बोलता निघाली. दादा मागे बसून खिडकीबाहेर बघत होता. वर पोचल्यावर मी सीटखालून पाण्याची बाटली काढायला गेले, तर हाताला ताम्हिणीतला तो गोटा लागला. टाकून देऊ का विचारलं, तर बाबा म्हणाले, 'असू दे तिथेच.'