शेकडा तीन : महिन्याला की वर्षाला?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, सरळव्याजाचं सूत्र मुलांना तोंडपाठ असतं : मुद्दल × दर × मुदत ÷ १००. पण ‘द.सा.द.शे.’ म्हणजे ‘दर साल दर शेकडा’, यातलं ‘दर साल’ आपण नीट समजावतो का? पुस्तकातला दर वर्षाचा असतो. सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो तो बहुधा महिन्याचा. १०,००० रुपयांवर महिन्याला ३०० म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये. दर झाला द.सा.द.शे. ३६! बँकेने १२ लावला, तर व्याज १,२०० च. म्हणून गणित सोडवण्याआधी मुलांना एक प्रश्न विचारायची सवय लावा : हा दर महिन्याचा की वर्षाचा? उद्या घरातलं कुणी कर्जाच्या कागदावर सही करत असेल, तेव्हा हाच प्रश्न घर वाचवेल. मार्कांचं नंतर बघू.