सुभद्रेला हसू नका

आमच्याकडे गॅदरिंग असो की युवक महोत्सव, मुलगा साडी नेसून स्टेजवर आला की त्याने तोंड उघडायच्या आधीच हशा पिकतो. लचकत चालणं, किनरा आवाज, पदराशी चाळा, एवढ्यावर स्किट निभावतं. हा हशा मला फार दिवस खुपतोय. म्हणून यंदा हिंगोलीतल्या कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन ‘संगीत सौभद्र’मधले काही प्रवेश बसवतोय. सुभद्रा, रुक्मिणी मुलगे करतात. अर्जुन, कृष्ण, बलराम मुली.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक 1882 मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा सुभद्रा भाऊराव कोल्हटकर करत. पुढे बालगंधर्वांनी ती गाजवली. घरंदाज बायकांनी नाटकात काम करणं तेव्हा समाजाला मान्य नव्हतं, म्हणून पुरुष लुगडं नेसले. पण नेसले ते टवाळीसाठी नव्हे. ‘एकच प्याला’तल्या बालगंधर्वांच्या सिंधूसाठी प्रेक्षक रडले. त्यांची साडी, त्यांचा गजरा पाहून बायका तशा नटू लागल्या. आपल्या मराठवाड्यातही संत एकनाथांचं भारूड करणारा गडी लुगडं नेसून लोकांना हसवतो आणि हसवता हसवता शहाणं करतो.

आमच्या सुभद्रेला नऊवारी नेसवायला त्याची आजी आली होती. वसमतकडे हळदीच्या रानात जन्मभर खुरपलेली बाई. निऱ्या झाल्या, कासोटा घट्ट बसला, आणि पोराचा हात लगेच पदराशी चाळा करू लागला. आजीने तो हात धरून खाली केला. “बाबू, रानात आमचा हात खुरप्याला असतो. पदराशी खेळायला येळ कुनाला हाय?” त्या दिवसापासून त्याची चाल बदलली. पोरगा बाईची नक्कल सोडून सुभद्रा करायला लागला.

बलराम करणारी मुलगी पाय जुळवून, खांदे पाडून उभी राहायची. पाय रोवून उभी राहा म्हटलं, तर म्हणाली, “सर, घरी असं उभं राहिलं की बोलणी बसतात.” आता तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचतो.

एका पालकांना धास्ती वाटते, लोक पोराला नाच्या म्हणतील. ती खोटी नाही. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधल्या नाच्या झालेल्या गुणाची फरफट आपण वाचली, पडद्यावरही पाहिली. गणपत पाटलांना पडद्यावरच्या नाच्यापायी खऱ्या आयुष्यात हेटाळणी सोसावी लागली. पण ही हेटाळणी नटापुरती थांबत नाही. बाईसारखं असणं म्हणजे हलकं असणं, असं त्यामागे गृहीत धरलेलं असतं. त्याचा मार घराघरातल्या बायका खातात आणि तृतीयपंथी माणसं तर रोज रस्त्यावर खातात.

म्हणून स्किट बसवणाऱ्या प्राध्यापक मित्रांना कळकळीची विनंती आहे. मुलाला साडी जरूर नेसवा, पण त्या साडीतल्या बाईला नाव द्या, मन द्या. सुभद्रेचा जीव अर्जुनावर, आणि थोरला भाऊ तिला दुर्योधनाला द्यायला निघालेला. ही घालमेल आपल्या गावातल्या पोरींना काही नवी नाही. एखाद्या मुलाने ती तालमीत महिनाभर जगून पाहिली, तर उद्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू असताना “आधी तिला विचारा” असं म्हणायची हिंमत त्याच्यात येईल.