रक्ताचे की ताटाचे?

गेल्या वर्षी आजी अंगणात नुसती घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. "घराण्याचीच हाडे ठिसूळ," सगळे म्हणाले. हे अगदीच खोटे नाही. हाडांची घनता बरीचशी आनुवंशिक असते. १९९४ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी 'ड' जीवनसत्त्वाशी निगडित एका जनुकावर बोट ठेवले, तेव्हा कोडे सुटलेसे वाटले. पण २०१८ च्या एका अभ्यासात अशा ५१८ जनुकीय जागा निघाल्या. बहुतेकींचा वाटा अल्पसाच!

आणि आता आईचीही पाठ वाकू लागली आहे. ती तर या घराण्याची सून! सासू-सुनेत रक्ताचे नाते नाही, चुलीचे आहे. घरचे दूध डेअरीला गेले आणि दोघी सर्वांमागून उरलेसुरले जेवल्या. जनुके बदलता येणार नाहीत, पंगत येईल. आमच्या घरची मी बदलणार आहे.